वगळलेल्या गोष्टींचा हिशेब

उपयोगी पडणारे असत्य हे असत्यच मानावे काय, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. रोग्याला धीर देण्यासाठी वैद्याने केलेले गोड भाषण किंवा राज्य वाचविण्यासाठी मुत्सद्द्याने उच्चारलेले अर्धसत्य, ही त्याची नेहमीची उदाहरणे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु याच प्रश्नाचे दुसरे एक रूप आहे आणि त्याचा विचार आपण क्वचितच करतो. कारण ते विज्ञानाच्या वेषात आपल्यापुढे येते, आणि विज्ञानाच्या घरात असत्याला थारा नसतो अशी आपली समजूत असते.

वस्तुतः निसर्गाचे कोणतेही गणित मांडावयाचे झाले, की आरंभच असत्यापासून करावा लागतो. ग्रहाला आकार नाही, त्याचे सारे वस्तुमान एका बिंदूत साठले आहे, असे धरून ज्योतिर्विद त्याची कक्षा काढतो. पृष्ठभाग पूर्णपणे गुळगुळीत आहे असे धरून भौतिकशास्त्रज्ञ त्यावरून गोळा सोडतो. समुद्रातील मासा दुसऱ्या माशासारखाच आहे, गावातील प्रत्येक मनुष्य प्रत्येकाला सारख्याच वेळा भेटतो, असे धरून जीवशास्त्रज्ञ आपली समीकरणे लिहितो. यांपैकी एकही विधान खरे नाही, आणि ते खरे नाही हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही ग्रहणे सांगितल्या वेळी लागतात, पूल उभे राहतात, साथींचा अंदाज येतो. निसर्गाच्या या मुद्दाम सोप्या केलेल्या चित्राला विज्ञानात 'मॉडेल' म्हणतात. आपण त्याला प्रतिमान म्हणू.

प्रतिमानात काही तरी वगळलेले असावयाचेच. काहीही न वगळणारे प्रतिमान म्हणजे पुन्हा तो निसर्गच, आणि निसर्ग समजत नाही म्हणून तर प्रतिमानाचा खटाटोप. तेव्हा वगळणे हा दोष मानता येणार नाही. प्रश्न एवढाच उरतो, की जे वगळले त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा, आणि तो न ठेवल्यामुळे नुकसान झाले तर त्याचा जबाब कोणी द्यावयाचा? माझ्या मते हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे. आणि आकडे घेऊन आकडे पुढे पाठविणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपणां सरकारी नोकरांचा तर तो अगदी घरचा आहे.

हिशेब ठेवणे म्हणजे काय, याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच कोकणात सापडते. जंजिऱ्याजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. ज्योतिषगणितातील किचकट ज्याकोष्टके त्याने अजिबात टाळली आणि साध्या अंकगणिताने ग्रहांची स्थाने काढण्याची सोय करून दिली. ही सोय स्थूल मानाची होती, पण इतकी कामाची की पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील पंचांगे त्या ग्रंथावरून होत राहिली. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या सिद्धांतावरून घेतले असता आकाशाशी जुळते, हे गणेशाने ग्रंथात स्पष्ट नोंदविले आहे. चंद्र सूर्यसिद्धांताप्रमाणे घ्यावा, पण त्यातून नऊ कला वजा कराव्या. शनी आर्यपक्षाचा घ्यावा, पण त्यात पाच अंश मिळवावे. अशा दुरुस्तीला आपल्या ज्योतिषात बीजसंस्कार म्हणत. पूर्वाचार्यांविषयी आदर राखून त्यांचे गणित किती चुकते हे अंशांत आणि कलांत लिहून ठेवावयाचे, आणि अखेरचा शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाचा मानावयाचा, ही ती परंपरा. दृक्प्रत्यय हा तिचा शब्दच बोलका आहे.

परंतु चूक किती आहे हे कळले म्हणून चूक कोठे आहे हे कळतेच असे नाही. याची साक्ष एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणिती ल व्हेरिए याच्या दोन उद्योगांत मिळते. आपल्या पंचांगांतून ज्याला हर्षल म्हणतात तो युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिएने अनुमान केले, की पलीकडे एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा. त्या ग्रहाचे स्थान त्याने कागदावर काढले आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र धाडले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी पत्र पोहोचले आणि त्याच रात्री गाले या ज्योतिर्विदाला सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मानवी बुद्धीचा असा विजय क्वचितच झाला असेल.

पुढे बुधाच्या चालीतही त्याला असाच फरक आढळला. बुधाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतः हळूहळू फिरते; ज्ञात ग्रहांचे सर्व आकर्षण हिशेबात धरूनही त्या फिरण्याचा थोडा भाग शिल्लक राही. पुढील मोजणीप्रमाणे हा शिल्लक भाग शतकाला सुमारे ४३ विकला भरतो. म्हणजे एक अंशाचा फरक पडावयास आठ हजारांहून अधिक वर्षे लागावीत. १८५९ मध्ये ल व्हेरिएने हा फरक जाहीर केला आणि पूर्वीचीच युक्ती योजली: सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान काही अज्ञात वस्तू असली पाहिजे. एका ग्रामीण डॉक्टराने ती पाहिल्याचेही सांगितले. तिला व्हल्कन हे नाव मिळाले. १८७७ मध्ये ल व्हेरिए मरण पावला तोवर त्याची श्रद्धा ढळली नव्हती. व्हल्कन मात्र कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. त्या ४३ विकलांचा उलगडा १९१५ मध्ये आइनस्टाइनने केला, आणि त्यासाठी आकाशात नवा ग्रह न घालता गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने मांडावा लागला.

गणिती तोच, पद्धत तीच, सचोटीही तीच. एका वेळी चित्रातून एक वस्तू राहून गेली होती. दुसऱ्या वेळी चित्र ज्या नियमांनी काढले तेच अपुरे होते. या दोहोंतील भेद प्रतिमानाच्या आत बसून कळत नाही. बाहेर येऊन निसर्गालाच विचारावे लागते. ल व्हेरिएची चूक आपण सहज क्षमा करतो, कारण तिने कोणाचे काही बिघडले नाही. बुध आपल्या वाटेने चालतच होता. आकाशातील चुकीची किंमत फक्त गणित्याच्या प्रतिष्ठेला द्यावी लागते. प्रतिमान जमिनीवर उतरले आणि त्याचा विषय माणूस झाला, की किंमत देणारा निराळा होतो.

मुंबईच्या प्लेगचे उदाहरण घ्या. १८९६ मध्ये ही साथ मुंबईत आली आणि पुढील वर्षी पुण्यात तिने कहर केला. त्या वेळच्या सरकारपुढे समीकरणे नव्हती, तरी एक प्रतिमान निश्चित होते: रोग माणसात आणि त्याच्या घरात राहतो, व माणसापासून माणसाकडे जातो. हे एकदा गृहीत धरले, की पुढचे सारे तर्कशुद्धच होते. सोजिरांनी घरे झडावी, संशयितांना उचलून इस्पितळात न्यावे, कुटुंबीयांना छावणीत ठेवावे, चीजवस्तू जाळाव्या. या जुलमातून जो क्षोभ उसळला, त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाले, हा इतिहास मराठी वाचकाला सांगावयास नको. पण त्या प्रतिमानातून काय वगळले गेले होते, हे मात्र आपण सहसा आठवत नाही. वगळला गेला होता तो उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू. १८९८ मध्ये कराचीत सीमाँ या फ्रेंच वैद्याने पिसूकडे बोट दाखविले, तेव्हा त्याचे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५ नंतर प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत पद्धतशीर प्रयोग करून ते सिद्ध केले. वाहक पिसू होती, आणि दार मात्र माणसाचे ठोठावले गेले. प्रतिमानातून जे सुटते त्यावरून कोणाच्या घरावर पहारा बसेल हे ठरते, ते असे.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी साथींच्या गणिताचा एक पायाभूत निबंध लिहिला. कर्मॅक हा प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेला तरुण रसायनशास्त्रज्ञ. मॅकेन्ड्रिक हा हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहून कसौलीच्या संस्थेत काम केलेला डॉक्टर. लोकसंख्येचे निरोगी, रोगी आणि रोगातून सुटलेले असे भाग पाडून त्यांनी दाखविले, की सर्व निरोगी माणसे संपण्यापूर्वीच साथ आपोआप ओसरू शकते. याच घराण्याची समीकरणे २०२० च्या कोरोना साथीत जगभरची सरकारे वापरत होती. नमुन्यादाखल त्यांनी मुंबईतील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले आणि आपली वक्ररेषा त्यांच्याशी लावून पाहिली. ती विलक्षण जुळली.

आता गंमत अशी, की समीकरणे माणसामाणसांच्या संसर्गाची, आणि मुंबईतला प्लेग उंदीर-पिसवांचा. शिवाय तो दर वर्षी कडक उन्हाळा लागला की ओसरे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा डोके वर काढी. म्हणजे त्याच्या उतरण्यात ऋतूचा मोठा हात होता आणि समीकरणात ऋतूला जागाच नव्हती. रेषा जुळली, कारण जुळले नाही. परंतु त्या दोघांवर येथे ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांनी निबंधातच लिहून ठेवले होते, की माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण धरले आहे, आणि आपली गृहीतके काटेकोरपणे पूर्ण होत नाहीत. त्यांनी आपला हिशेब ठेवला होता. पुढे ती आकृती पुस्तकापुस्तकांतून उतरत गेली. रेषा आणि ठिपके पुढे गेले, आणि त्यांच्याखालची ती कबुली पुष्कळदा मागेच राहिली.

माझ्या मते खरा नैतिक दोष घडतो तो येथे. तो प्रतिमान करणाऱ्याच्या टेबलावर क्वचितच घडतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना आकडा पुढे सरकतो आणि त्याची अट गळून पडते, त्या वाटेत तो घडतो.

हीच वाट किती महाग पडू शकते, हे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांनी अनुभवले. तेथील कॉड माशावर जवळजवळ पाच शतके अनेक राष्ट्रे पोसली. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला, परकी जहाजांना आवर घातला, आणि शास्त्रज्ञांच्या गणितानुसार दर वर्षी किती मासा धरावा हे ठरविण्यास आरंभ केला. व्यवस्था आदर्श वाटावी अशीच होती. समुद्रातील मासे मोजता येत नाहीत. म्हणून खोल समुद्रातील मोठ्या जहाजांना तासाला किती मासा मिळतो, हे माशांच्या संख्येचे एक प्रमुख माप धरले गेले. या मापात दोन गोष्टी सुटल्या. एक, मासा कमी झाला तरी तो उरलेल्या थोड्या जागी दाटीने राहतो. आणि दुसरी, जहाजांची यंत्रे दर वर्षी सुधारत होती, त्यांना ती दाटीची जागा अचूक सापडे. तेव्हा समुद्र रिकामा होत असतानाही जाळी भरलेलीच येत, आणि कागदावर मासा भरपूर दिसे.

किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणाऱ्या कोळ्यांना मात्र वेगळेच दिसत होते. मासा कमी येतो आहे, लहान येतो आहे, अशी त्यांची तक्रार १९८० नंतरच्या दशकात सतत चालू होती. त्यांच्याजवळ अनुभव होता, पण तो तक्त्यात बसणारा नव्हता. म्हणून तो पुरावा ठरला नाही. दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना स्वतःच्या गणितातील फुगवटा उमगला आणि त्यांनी मर्यादा बरीच खाली आणण्याचा सल्ला दिला. मग राज्यकर्त्यांना रोजगाराची चिंता पडली आणि तो सल्ला अर्धामुर्धाच मानला गेला. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करण्यात आली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती उठावयास २०२४ साल उजाडले.

या प्रकरणात कोणी खोटे बोलला नाही. प्रत्येक आकडा प्रामाणिकपणे मोजलेला होता. परंतु तासाला मिळणारा मासा आणि समुद्रात असणारा मासा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, ही अट वरपर्यंत जाईतो विरून गेली. आणि जे वगळले गेले ते ज्यांना रोज दिसत होते, त्यांना विचारण्याची रीत त्या व्यवस्थेत नव्हती.

आपल्याकडील मोसमी पावसाची कथा याहून सौम्य आहे, पण तिचा धडा निराळा आहे. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले पावसाच्या अंदाजाचे प्रतिमान तयार झाले. हिमालयावरील बर्फ, दूरच्या महासागरांचे तापमान, वाऱ्यांची आणि दाबांची स्थिती अशा घटकांवरून सबंध देशाच्या पावसाचा अंदाज मेअखेर सांगता येऊ लागला. पुढे २००१ पर्यंत देशाच्या दृष्टीने टंचाईचे म्हणावे असे एकही वर्ष आले नाही, आणि अंदाजही तसेच येत गेले. २००२ साठी अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, चार टक्के कमीअधिक. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला. ऐन जुलैमध्ये तर नेहमीच्या जवळजवळ निम्माच. पुढच्याच वर्षी नवी प्रतिमाने आली, आणि आता वेधशाळा एका आकड्याबरोबरच पाऊस कमी, साधारण किंवा अधिक पडण्याची संभाव्यताही टक्केवारीने सांगते. माझ्या दृष्टीने हा बदल केवळ तांत्रिक नाही; आपले अज्ञान किती आहे हे सांगणे हा ज्ञान सांगण्याचाच भाग आहे, अशी ती जाहीर कबुली आहे.

धडा असा, की सुकाळाच्या वर्षांत बरोबर ठरलेल्या प्रतिमानाची परीक्षा झालेलीच नसते. सारी वर्षे साधारण असतील, तर साधारण पाऊस पडेल असे नुसते म्हणणाराही प्रत्येक वेळी खरा ठरेल. दुसरे असे, की सबंध देशाचा सरासरी पाऊस कोणाच्याच शेतात पडत नसतो. माणच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याला १०१ हा आकडा सांगणे म्हणजे त्याला त्याच्या नावावर नसलेली ठेव दाखविणे होय.

वगळलेले सारे पुन्हा आत घेतले तर अचूकता येईल, असेही कोणी समजू नये. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हा अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ यंत्रावर एक लहानसे प्रतिमान चालवीत होता. एक गणित पुन्हा करताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच अंक भरले. समीकरणे तीच, यंत्र तेच. तरी काही काळाने दोन्ही उत्तरांत काहीच साम्य उरले नाही. पुढे १९६३ मध्ये त्याने या अनुभवातून दाखवून दिले, की काही व्यवस्थांत आरंभीचा सूक्ष्म फरकही वाढत जाऊन दूरचे भाकीत अशक्य करतो. म्हणजे चित्रातून एकही वस्तू सुटली नाही, केवळ दशांश चिन्हापुढचे तीन अंक सुटले, तरी भविष्य हातचे जाते. विनय हा येथे संतांचा उपदेश उरत नाही. तो गणिताचाच निष्कर्ष होतो.

येथे एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो आपल्यासारख्या कार्यालयीन माणसाला विशेष जाणवेल. प्रत्येक आकड्यामागे अटींची शेपटी लावावयाची म्हटली तर निर्णय व्हावयाचा कसा? वरिष्ठाला उत्तर हवे असते. दहा 'परंतु' असलेली टिपणी परत येते. शिवाय शंका हे आळशाचे आणि स्वार्थ्याचेही हत्यार असते. कारखान्यांच्या धुराने पृथ्वी तापत आहे असे प्रतिमाने सांगू लागली, तेव्हा त्यांतील अनिश्चिततेकडे बोट दाखवूनच अनेकांनी दशकानुदशके काही न करण्याची सोय साधली. १९६७ मध्ये मानाबे आणि वेदराल्ड यांनी केलेले प्रतिमान म्हणजे हवेचा एकच उभा स्तंभ होता. त्यात ना समुद्राचे प्रवाह, ना खंड, ना ऋतू. तरी हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढेल, हे त्याचे उत्तर आजच्या महाकाय गणितांच्या पल्ल्यातच बसते. तेव्हा चित्र ओबडधोबड आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच शंका नोंदवा एवढेच सांगून भागणार नाही. शंकेचा फायदा कोणाला द्यावयाचा, हेही ठरवावे लागेल. फौजदारी न्यायालयात तो आरोपीला देतात, कारण निकाल चुकला तर शिक्षा त्याला भोगावी लागते. हाच न्याय प्रतिमानांना लावावा. गणित चुकले तर ज्याला भोगावे लागणार, शंकेचा फायदा त्याचा. न्यूफाउंडलंडमध्ये तो किनाऱ्यावरच्या कोळ्याचा होता, आणि मिळाला मोठ्या जहाजांना. पुण्यात तो घर झडल्या जाणाऱ्या कुटुंबाचा होता, आणि घेतला सरकारने. तापत्या पृथ्वीच्या बाबतीत तो अजून जन्माला न आलेल्यांचा आहे, आणि त्यांच्या वतीने अर्ज करावयास कोणी नाही. शंका तीच, एकदा ती सावधगिरी होते, एकदा पळवाट. ती कोणाच्या बाजूने वापरली यावरून तिची नीती ठरते.

आता आपल्या व्यवसायाकडे वळतो. महाराष्ट्रापासून दूर, निरनिराळ्या प्रांतांत आपण जे काम करतो, त्यातले पुष्कळसे प्रतिमानांचेच असते, मग आपण त्याला तक्ता म्हणू, विवरणपत्र म्हणू किंवा गोषवारा म्हणू. गावात कोणी तरी नजरेने पाहून 'सुमारे चारशे' असे लिहितो. पुढच्या कचेरीत बेरीज करावयाची असते. 'सुमारे' या शब्दाची बेरीज होत नाही, म्हणून तो सुटतो. त्याच्या पुढच्या टेबलावर त्याची टक्केवारी निघते, दशांश चिन्हानंतर दोन अंक येतात, आणि जो आकडा जन्मतः अंदाज होता तो राजधानीत पोहोचेतो वस्तुस्थिती होऊन बसतो. या साखळीतील कोणीही लबाडी केलेली नसते. प्रत्येकाने फक्त एक शब्द कमी लिहिलेला असतो. ज्या लोकांना ती चूक पुढे भोगावी लागते त्यांची भाषा आपण कधीकधी बोलतही नाही, त्यांचा गाव आपण पाहिलेला नसतो. आपल्या परकेपणामुळे तो शब्द गाळणे आपल्याला आणखी सोपे जाते. स्वतःच्या तालुक्याचा तक्ता असता, तर कदाचित आपला हात क्षणभर थांबला असता.

मग कर्तव्य ते कोणते? फार मोठे नाही. जे वगळले ते लिहून ठेवावे. आकडा पुढे जाईल तेथे त्याची अट त्याच्या सोबत धाडावी. आणि तक्त्यात न बसणारी साक्ष घेऊन कोणी दाराशी आला, तर तक्त्यात बसत नाही म्हणून त्याला परत लावू नये. यांतील पहिले कर्तव्य शास्त्रज्ञाचे, तिसरे राज्यकर्त्याचे, आणि मधले आपले आहे. मधल्या माणसाकडे ना शोधाचे श्रेय येते, ना निर्णयाची सत्ता. त्यामुळे जबाबदारीही आपली नाही असे समजण्याचा मोह त्याला पडतो. परंतु कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांची कबुली हरवली ती मधल्या हातांतच. त्या हातांना काही नवे शोधावयाचे नव्हते किंवा कोणाला विरोध करावयाचा नव्हता. समोर लिहिलेले वाक्य जसेच्या तसे उतरवावयाचे होते, एवढेच. आणि नक्कल बिनचूक उतरविणे हे तर कारकुनाचे पहिले कसब मानले जाते.